सुखदेवभाऊंचे घरातले बूट

पडद्यापलीकडे दोन पुरुषमाणसं भांडत होती, आणि भांडत होती ती चक्क मराठीत. साल १९८६, महिना फेब्रुवारी, गाव नॉटिंगहॅम. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये द्रौपदीबाई रामटेके उंच पलंगावर उजवा पाय लांब करून पडल्या होत्या. पाय असा ठणकत होता की डोळ्यांत पाणी यावं. पण पडद्यापलीकडचं ऐकून त्यांना हसू आवरेना.

"डॉक्टरसाहेब, गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालतो. सहा आठवडे. विषय संपला."

"संपत नाही, सुखदेव, तिथून सुरू होतो. सहा आठवड्यांनी तुम्ही करवतीनं ते कापता तेव्हा आत काय निघतं? काडी! पोटरी वाळलेली, घोटा आखडलेला. अहो, हाड मोडलेलं नाही. घोट्याच्या बाहेरच्या अंगाची शीर ताणलीय, थोडी फाटलीय. तिला पुढेमागे हलू द्यायला पाहिजे, फक्त आडवं वळू द्यायचं नाही. हा नवा ब्रेस त्यासाठीच आहे."

"ही टरफलं?"

"टरफलं नाहीत. आतून हवेची गादी आहे त्याला."

"हवा म्हणजे हवाच ना. घरी गेला की पेशंट काढून ठेवतो कपाटावर. प्लास्टर काढता येत नाही, साहेब. तोच त्याचा गुण."

"म्हणजे पेशंट चोर आणि तुम्ही पोलीस?"

"पेशंट माणूस आहे. म्हणून म्हणतो."

"सोळा वर्षं प्लास्टर भिजवून भिजवून तुमचं डोकंसुद्धा..."

"बोला ना. घट्ट झालंय म्हणा."

"तेच म्हणणार होतो!"

मधेच कुणा नर्सनं इंग्रजीत विचारलं, काय चाललंय? त्यावर दोघंही एका सुरात म्हणाले, "काही नाही, पेशंटबद्दल चर्चा." पेशंटला कळू नये म्हणून दोघं आपल्या भाषेत आले होते. कागदावरचं पेशंटचं नाव मात्र दोघांपैकी एकानंही वाचलेलं नव्हतं.

द्रौपदीबाईंनी घसा साफ केला. "अहो, तुमचं काय ते ठरलं की मलाही सांगा. ईस्टर झाल्यावर मला कामावर जायचंय."

 मग पडदा सरकला आणि दोन चेहरे दिसले. एक गोरा, चष्मेवाला, टाय लावलेला. ते डॉक्टर पद्माकर सबनीस. दुसरा काळासावळा, पन्नाशी ओलांडलेला, कोपरापर्यंत पांढऱ्या चुन्यासारखं काहीतरी माखलेला; ते सुखदेव ढवळे. दोघांचेही कान लाल झाले होते. सुखदेवभाऊंचे लाल झालेले दिसत नव्हते इतकंच.

ईस्टरचं असं होतं. द्रौपदीबाई स्वेटर आणि कार्डिगनच्या कारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर बसायच्या. भंडाऱ्याहून आल्या तेव्हा इंग्रजीची चार अक्षरंही येत नव्हती. कारखान्यात लागल्या त्या बटणं मोजायला. तिथून शिवणावर, शिवणावरून ओव्हरलॉकवर, आणि नऊ वर्षांनी खिडकीजवळचं मशीन त्यांच्या वाट्याला आलं. त्या खिडकीतून कालवा दिसायचा आणि कालव्यातली बदकं. खिडकीजवळचं मशीन म्हणजे त्या कारखान्यात मोठा मान होता. आणि मशीनचं पेडल होतं उजव्या पायाशी. बर्फ गोठलेल्या फुटपाथवर मुरगळला तोही उजवाच. सुपरवायझर मॉरीननं सांगितलं होतं, ईस्टरच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारपर्यंत मशीन रिकामं ठेवीन. नंतर आली नाहीस तर तिथं दुसरी बसेल, तुझी खुशाली मी पुन्हा बटणांच्या टेबलावर विचारीन.

ईस्टरला आठ आठवडे होते. डॉक्टर सबनिसांनी हिशेब केला आणि म्हणाले, "ब्रेस घातलात, सांगितलेले व्यायाम केलेत, तर सहाव्या आठवड्यात पेडल माराल. रोज घालायचा. पायमोज्यावर ब्रेस, त्यावर नाडीचा बूट. बुटाशिवाय तो पायात बसत नाही, लक्षात ठेवा."

सुखदेवभाऊंनीच तो घालून दिला. मनाविरुद्ध, पण हात असे की नव्या नवरीला बांगड्या भरणारा कासार आठवावा. टाचेखालून पट्टा घेतला, दोन्ही बाजूंना प्लास्टिकची टरफलं लावली, हवा भरली, पट्ट्या चर्रकन ओढून चिकटवल्या. "दुखतंय?" "नाही." "दुखेल," म्हणाले, आणि कुबड्यांची जोडी त्यांच्या उंचीला लावून दिली.

सुखदेवभाऊ मूळचे कामठीचे. तिथल्या मिलिटरी हॉस्पिटलात ड्रेसर होते, जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे. अडुसष्ट साली बायको शांताबाईला इथं नर्सिंगचं काम मिळालं, तिच्या मागोमाग हेही आले. "माझी बायको मला सुटकेसमध्ये घालून घेऊन आली," असं ते आलेल्या-गेलेल्याला सांगायचे आणि शांताबाई म्हणायच्या, "वजन जास्त झालं म्हणून दंड भरावा लागला." पहिली दोन वर्षं हॉस्पिटलात ट्रॉल्या ढकलल्या. एकदा प्लास्टरवाला आजारी पडला, वॉर्डातलं पोर हात मोडून रडत होतं. ह्यांनी विचारलं, करू का? केलं. ते इतकं गुळगुळीत झालं की सर्जननं बोटांनी चाचपून पाहिलं आणि नाव विचारलं. तेव्हापासून ते प्लास्टर रूममध्ये.

त्या कामात त्यांच्या सवयी ठरलेल्या. पाणी कोमट पाहिजे. गार असलं तर प्लास्टर जमता जमत नाही, कढत असलं तर हाताखालीच दगड होतो. पट्टी बुडवली की बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं. बोटांनी नाही, तळव्यानं फिरवायचं, बोटांचे खड्डे आत रुततात. घरी आल्यावर हातांना खोबरेल तेल, कारण तळवे कायम भेगाळलेले. आणि बूट! काळे बूट सहा महिन्यांत पांढरे व्हायचे. शांताबाई ते घराच्या आत येऊ द्यायच्या नाहीत. दाराबाहेर एक फळी होती, तिथंच त्यांचा मुक्काम.

इकडे द्रौपदीबाई घरी आल्या. तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला डॉक्टरांनी घोटा पाहिला आणि चष्मा काढून पुसला. पाय पहिल्या दिवसासारखाच सुजलेला, वर आणखी निळा.

"ब्रेस घातला होतात?"

"रोज घातला."

"पुन्हा मुरगळला का?"

"दोनदा. जिन्यावर एकदा, मोरीत एकदा."

"ब्रेस घातलेला असताना?"

"रोज घातला," द्रौपदीबाई पुन्हा म्हणाल्या. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या आणि डॉक्टरांनी रोज घातला का विचारलं होतं, रोजच घातला होता. डॉक्टर कंटाळले. गेल्या वर्षभरात ब्रेस दिलेले, द्रौपदीबाई धरून, सात देशी पेशंट असेच परत आले होते आणि इंग्रज पेशंट मात्र टुणटुण उड्या मारत आले होते. मोठे सर्जन म्हणत होते, तुमचे लोक ऐकत नाहीत. सबनिसांना ते फार लागलं होतं. हात वर करून ते म्हणाले, "सुखदेव, तुम्ही जिंकलात. घाला प्लास्टर, सहा आठवडे."

सुखदेवभाऊंचा चेहरा काय उजळला म्हणता! बाही वर केली, बादलीत कोमट पाणी घेतलं, पट्टी बुडवली. बुडबुडे थांबायची वाट पाहत उभे राहिले, आणि सहज त्यांची नजर द्रौपदीबाईंच्या हाताकडे गेली. त्या बोटांच्या पेरांवर आठवडे मोजत होत्या. एकदा मोजले, पुन्हा मोजले. सहा आठवडे ईस्टरच्या पलीकडे जात होते. कितीही वेळा मोजले तरी जात होते.  पदरानं नाक पुसलं, आणि दुसऱ्या हाताची पेरं मोजायला घेतली, जणू त्या हातावर कमी भरतील.

"साहेब," सुखदेवभाऊ म्हणाले, "सोमवारपर्यंत थांबता का?"

डॉक्टर सबनीस दारातून परत आले. "कोण बोललं? तुम्ही? प्लास्टरला नको म्हणताय?"

"नको म्हणत नाही. दोन दिवस थांबा म्हणतो."

बादलीतली पट्टी तशीच राहिली आणि बादलीतच घट्ट झाली. ती काढायला नर्सला अर्धा तास लागला आणि ती सुखदेवभाऊंना काय काय बोलली ते इंग्रजीत होतं म्हणून सोडून देऊ.

शनिवारी सकाळी सुखदेवभाऊ बसनं द्रौपदीबाईंच्या दारात हजर. त्यांच्या त्या ओळीतल्या बुटक्या घरात खाली दोन खोल्या, वर दोन, आणि संडास वर. सुखदेवभाऊंनी घंटी वाजवली, नुसतं लोटलेलं दार ढकलून आत आले, आणि आपले पांढरे बूट काढायला खाली वाकले ते वाकलेलेच राहिले.

पायपुसण्यावर द्रौपदीबाईंचे नाडीचे बूट होते. डाव्या बुटात काही नव्हतं. उजव्या बुटात ब्रेस उभा होता. पट्ट्या नीट लावलेल्या, हवा भरलेली. पाय सोडून सगळं जागच्या जागी.

"द्रौपदीबाई!" त्यांनी आत हाक मारली. "बूट इथं. ब्रेस इथं. पाय कुठं आहे?"

"पाय स्वयंपाकघरात, भाऊ. पिठलं टाकलंय. या ना आत!"

सुखदेवभाऊ पायपुसण्यावर बसले. भिंतीला टेकून बसले आणि असे हसले, असे हसले की द्रौपदीबाई अनवाणी लंगडत बाहेर आल्या, हातात कलथा घेऊन. त्यांना वाटलं भाऊंना काही झालं.

"हा कधी घालता तुम्ही?"

"रोज. साहेब म्हणाले तसं. बाहेर निघाले की बूट, बुटात ब्रेस. बसस्टॉपपर्यंत जाते, दुकानात जाते. आले की बूट काढते. साहेबच म्हणाले, बुटाशिवाय तो बसत नाही."

"आणि घरात?"

"घरात?" द्रौपदीबाईंना प्रश्नच कळेना. "घरात बूट कसे घालायचे, भाऊ?"

तिन्ही आठवड्यांत त्या रोज जेमतेम अर्धा तास बाहेर जात होत्या. उरलेले साडेतेवीस तास अनवाणी. त्यात संडासासाठी तो उभा जिना दिवसातून पंधरा वेळा वर-खाली. सुखदेवभाऊंच्या डोळ्यांसमोर बाकीचे सहाजण उभे राहिले: दोन गुजराती बाया, एक सरदारजी, एक तमिळ इंजिनिअर... सगळ्यांच्या दारात सगळ्यांचे ब्रेस असेच उभे असणार, शिपायासारखे. इंग्रज माणूस सकाळी बूट घालतो तो झोपताना काढतो, म्हणून त्याचा घोटा बरा होतो. आपला माणूस उंबऱ्यावर बूट काढतो आणि त्याच्याबरोबर औषधही काढून ठेवतो. डॉक्टर सबनिसांना हे कसं सुचलं नाही? त्यांना कसं सुचणार! त्यांनी स्वतःचे बूट जन्मभर दारातच काढले होते. श्वास घेतो तशी गोष्ट, तिच्याबद्दल कोण विचार करतो?

तेवढ्यावर सुखदेवभाऊ उठले आणि बाजारात गेले. कॅनव्हासचे पांढरे नाडीचे बूट घेऊन आले, शाळेतली पोरं व्यायामाला घालतात तसले. एक नंबर मोठे, ब्रेस मावावा म्हणून.

"हे घरात घालायचे."

"शी! स्वयंपाकघरात बूट? माझ्या हातचं जेवण कुणी जेवायचं नाही!"

"हे रस्त्याला लागलेले नाहीत. दुकानातून पिशवीत, पिशवीतून पायात. हवं तर तळ साबणानं धुवा."

"धुतले तरी बूट ते बूटच."

"चपला नाही का घालत तुम्ही संडासात?"

"ती संडासाची चपल. ती काही मी पोळपाटापाशी आणते?"

"मग ही पोळपाटाची चपल समजा."

"आणि समोर?" त्यांनी पुढच्या खोलीकडे बोट केलं. कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती होती, वर बाबासाहेबांची तसबीर. "तिथं रोज मेणबत्ती लावते मी. तिथं बूट घालून उभी राहू?"

इथं सुखदेवभाऊ अडले. त्यांच्याही घरात तसाच कोनाडा होता. डोकं खाजवलं. मग म्हणाले, "तिथं खुर्ची ठेवा. बसा, मग बूट काढा, बसूनच वंदना करा, बूट घाला, मग उठा. पाऊल जमिनीला लागेल ते ब्रेससकटच. कबूल?"

द्रौपदीबाईंनी बूट हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. कारखान्याच्या खिडकीबाहेरचा कालवा डोळ्यांसमोर आला असावा. "तळ मी धुणार," म्हणाल्या.

"धुवा."

"दोनदा."

"दहादा धुवा, बाई! पण घाला!"

मग पिठलं-भाकरी खाऊन ते गेले, आणि सोमवारी डॉक्टर सबनिसांना त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर आधी हसले, मग आपल्या खोलीत गेले. बाकीच्या सहा पेशंटांना बोलावणी गेली ती त्याच दिवशी.

पाच आठवडे उरले होते. आता खरं काम सुरू झालं. फिजिओवाल्या बाईनं सांगितलं, पाय उचलून अंगठ्यानं हवेत एबीसीडी लिहायची, म्हणजे घोटा सगळ्या बाजूंनी फिरतो. द्रौपदीबाईंना एबीसीडी अर्धीच येत होती. जी पर्यंत गेलं की पाय अडायचा. पुढच्या शनिवारी सुखदेवभाऊ बघायला आले तेव्हा म्हणाले, "आपली बाराखडी लिहा. तिला वळणंही जास्त." मग काय! रोज सकाळी कोचावर बसून द्रौपदीबाईंचा अंगठा क, का, कि, की गिरवू लागला. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. म्हणायच्या, हातानं एवढं लिहिलं असतं तर मास्तरीण झाले असते.

मग स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या. पोळ्या लाटताना एका पायावर उभं राहायचं. पहिली पोळी होईपर्यंत उजवा, दुसरी होईपर्यंत डावा. त्या दिवसांत त्यांच्या पोळ्या जरा वाकड्या व्हायच्या. सूज सुखदेवभाऊ टेपनं मोजायचे, घोट्याभोवती आठाचा आकडा काढून. दर शनिवारी टेप थोडी कमी लागायची आणि दोघंही मुद्दाम चेहरा गंभीर ठेवायचे.

हॉस्पिटलात एक डुगडुगती फळी होती, खाली अर्धा गोळा असलेली. त्यावर तोल सांभाळत उभं राहिलं की घोट्याला शहाणपण येतं म्हणे. पण तिच्यासाठी रांग मोठी. नंबर लागेपर्यंत ईस्टर उलटला असता. सुखदेवभाऊंनी प्लास्टर रूममधल्या मुदत संपलेल्या पट्ट्या घेतल्या, शांताबाईंच्या पुडिंगच्या वाडग्यात थर देऊन एक अर्धा गोळा ओतला, घट्ट झाल्यावर पाव कापायच्या गोल पाटाखाली बसवला. शांताबाईंचा वाडगा गेला तो गेलाच. प्लास्टर निघालं, वाडग्याचा तळही त्याच्याबरोबर निघाला.

पुढच्या तपासणीला नेलेली ती फळी डॉक्टर सबनिसांनी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "शेवटी प्लास्टर घुसवलंतच का?"

"घोट्यावर नाही घातलं, साहेब. घोट्याखाली घातलं."

"मुद्दा माझाच खरा ठरला, सुखदेव. ब्रेसच बरा."

"ब्रेस बरा. पण काढून ठेवतील हे कोण म्हणालं होतं?"

आणि दोघं पुन्हा सुरू. द्रौपदीबाई त्या डुगडुगत्या फळीवर उभ्या राहून, भिंतीला एक बोट लावून, ऐकत होत्या.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी सकाळी त्या कारखान्यात गेल्या. खिडकीजवळच्या मशीनवर एक तरणी पोरगी बसलेली, केस सोडलेले, कानात रेडिओची वायर.  मॉरीन आली, हातातलं कार्डिगन पुढे केलं. "पाय कसा आहे ते मला तोंडानं सांगू नकोस. ही बाही जोडून दाखव." पोरगी उठली. द्रौपदीबाई बसल्या, बुटात ब्रेस, ब्रेसमध्ये पाय. पेडल दाबलं. पायाला आधी भीती वाटली, मग आठवलं. एक बाही, दुसरी बाही, खांदा. मॉरीननं शिवण ओढून पाहिली, दाताखाली धागा तोडला आणि त्या पोरीला म्हणाली, "चल, तुला बटणांचं टेबल दाखवते." बदकं कालव्यातच होती.

त्या दिवसानंतर सुखदेवभाऊंचा शनिवार गेला तो गेला. ब्रेस दिलेला कुणीही आपला माणूस असो, गुजराती, पंजाबी, बंगाली, भाऊ त्याच्या घरी एकदा तरी जाणारच. हॉस्पिटलचा काही आदेश नव्हता. डॉक्टर सबनिसांनी पेशंटच्या कागदात 'घरातसुद्धा, धुतलेल्या स्वच्छ बुटात' एवढी एक ओळ घातली. पण भाऊंचं म्हणणं, ओळ वाचते कोण? बायकांचे पाय बघायचे तर बाईमाणूस बरोबर हवं, म्हणून द्रौपदीबाई जाऊ लागल्या. टेप त्या धरायच्या, आकडा भाऊ लिहायचे. शांताबाई म्हणायच्या, "माझा नवरा शनिवारी दुसऱ्या बाईबरोबर हिंडतो. लोकांच्या पाया पडत!" आणि द्रौपदीबाईंसाठी डब्यात कांदेपोहे द्यायच्या.

एकोणनव्वद साली डॉक्टर सबनिसांच्या आई, सुनीतीबाई, पुण्याहून मुलाकडे आल्या आणि बागेच्या पायरीवर घसरल्या. मुलानं स्वतः ब्रेस घातला, स्वतः समजावलं. चार आठवड्यांनी सूज तशीच. डॉक्टरांनी कुणाला कळू न देता सुखदेवभाऊंना घरी बोलावलं. आईंचे पाय सोवळ्याच्या लुगड्यानं झाकलेले, ब्रेस पिशवीत, पिशवी खुंटीला! "मी देवघरात जाते रे," म्हणाल्या, "ते रबर घालून कशी जाऊ?" सुखदेवभाऊंनी तिथंही खुर्ची ठेवली. डॉक्टरांकडे बघून एक अक्षर बोलले नाहीत. तेच डॉक्टरांना फार झोंबलं.

अशी अकरा वर्षं गेली. हॉस्पिटलात प्लास्टरसुद्धा बदललं, पांढरं जाऊन निळं-गुलाबी फायबरचं आलं. मोडलेल्या हाडांना लागायचं. मुरगळलेल्या घोट्याला कुणी प्लास्टर घालेना झालं. सुखदेवभाऊ एखाद्या अवघड मनगटावर पांढरी पट्टी फिरवायचे तेव्हा तरुण नर्सेस बघायला उभ्या राहायच्या.

सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरात भाऊ पासष्टचे झाले. शुक्रवारी हॉस्पिटलात केक झाला, डॉक्टर सबनिसांनी भाषण केलं आणि भाषणातही भांडले. रविवारी भाऊ आणि शांताबाई सामान घेऊन मुलीकडे मिल्टन कीन्सला राहायला जाणार होते. "तिथं म्हणे सगळे गाडीनं हिंडतात," भाऊ द्रौपदीबाईंना म्हणाले. "चालतच नाहीत तर पाय मुरगळायचे कुणाचे? माझं कसं होणार?"

"अहो, तिथल्या त्या गोल गोल चौकांनी डोकी मुरगळत असतील. ती धरा."

मधला दिवस शनिवार. शांताबाई खोकी बांधत होत्या. भाऊंनी टेप खिशात घातली. "आज कुठं?" शांताबाईंनी विचारलं. "मोहनचा तिसरा शनिवार आहे," म्हणाले, आणि निघाले. द्रौपदीबाई बसस्टॉपवर थांबलेल्याच होत्या.

मोहन पोस्टमन होता, तिशीतला. कुत्रा मागे लागला म्हणून कुंपणावरून उडी मारली आणि पाय वाकडा पडला. नाताळचं टपाल सुरू व्हायच्या आत त्याला चालायला लागायचं होतं. बायको रश्मीनं दार उघडलं. भाऊंनी बूट काढले, पायपुसण्यावर नजर फिरवली. मोहनचे बाहेरचे बूट रिकामे होते. मान हलवली.

"कुठाय?"

"वर आहे," रश्मी म्हणाली. "बूट घालून. माझ्या गादीवर बूट घालून बसलाय, काका, मला बघवत नाही!"

"चादर बदला. घोटा बदलता येत नाही." भाऊ जिन्याशी उभे राहिले. "मोहन, खाली ये. कठड्याला हात न लावता. सावकाश."

मोहन आला. द्रौपदीबाईंनी टेप धरली, घोट्याभोवती आठ काढला. भाऊंनी आकडा वहीत लिहिला, मागचा आकडा पाहिला. एका पायावर उभं केलं, मोजलं. सतराला मोहन डगमगला.

"दिवसातून तीनदा. ओट्याला धरून."

"सोमवारपासून हलकी बॅग घेऊ का, काका?"

"दोन आठवड्यांनी. आणि कुत्र्याशी ओळख करून घे."

रश्मीनं चहा दिला. भाऊंनी बिनसाखरेचा मागितला, तिनं साखर घातली, ते प्यायले. आपण जाणार आहोत हे भाऊ बोलतील असं द्रौपदीबाईंना वाटत होतं. त्यांनी भाऊंकडे दोनदा पाहिलं. भाऊ मात्र भिंतीला टेकवलेल्या कुबड्यांकडे बघत होते. "ह्या आता लागत नाहीत ना? द्या. दुसरा कुणी वाट बघत असेल."

कुबड्या काखेत घेऊन ते बसमध्ये चढले. ड्रायव्हरनं विचारलं, बरं वाटतंय का? भाऊ म्हणाले, माझ्या नाहीत. हे दर शनिवारी व्हायचं. शनिवार असल्यानं हॉस्पिटलच्या मागच्या दारानं दोघं आत गेली. प्लास्टर रूम पुसलेली, रिकामी. भाऊंनी कुबड्या उलट्या करून बघितल्या. एकीचं खालचं रबर झिजून एका अंगाला पातळ झालं होतं. त्यांनी ते ओढून काढलं, खणातून नवं घेतलं, दाबून बसवलं, जमिनीवर टेकवून दोनदा भार दिला. मग दोन्ही कुबड्या मांडणीत, उंचीच्या खुणा एका रेषेत येतील अशा, उभ्या केल्या.

"चला," म्हणाले. "सव्वाबाराची बस आहे."